फ्रीजमध्ये, माशांच्या वरच्या कप्प्यात

बसा. त्या बाकावर नको, तिथे शेवाळ वाळत घातलंय.
आणि पिंपात हात घालू नका,
पावसाचं पाणी आहे, हिला नळाचं चालत नाही.
क्वालालंपूरहून आलात ना, पैसे घेऊन?
आधी चहा प्या.

आमच्याकडे हिला माकडाचं मडकं म्हणतात.
माकड त्यातून पाणी पितं म्हणे.
साठ वर्षं रान तुडवलं, मला नाही दिसलं कधी.
भात मात्र मी स्वतः शिजवलाय त्यात,
नारळाच्या दुधात भिजवलेला चिकट तांदूळ,
गवाईच्या सणाला दोनदोनशे मडकी
धुऊन, पालथी घालून,
आतली मुंगी, आतला डास झटकून.
तेव्हा कोण मोजत होतं!

पण ती साधी. ही बाऊच्या डोंगरावरची,
रस्ता रुंद करायला यंत्रं आली त्या आठवड्यात उचललेली.
ओठ पिवळा, पोटावर जांभळे शिंतोडे,
कुणी जांभळं खाता खाता हसावं तसे.
झाकण मागे टाकलेलं. शिकारीची फारशी हौस नाही;
वरून गळेल ते पान झेलते, मुरवते,
सावकाश पचवते.
माझा नवरा न्यांदेंग म्हणायचा, ही तुझ्यासारखी,
पुढ्यात पडेल ते खाते, तक्रार नाही.
मी म्हणायचे, तक्रार असते. तुला ऐकू येत नाही.

कलम करायचं तर दोन पेरं घ्यायची,
पानं निम्मी छाटायची, शेवाळात रोवायचं,
वर प्लास्टिकची पिशवी,
आणि मग हात मागे बांधून बसायचं.
माझ्या सुनेला तेवढंच जमत नाही.
रोज उपटून बघते, मूळ आलं का.
मूळ काळं असतं, केसाएवढं. बघितलं की तुटतं.

एकाची चाळीस झाली.
सातव्या वर्षी तुरा आला,
बारीक फुलं, प्रत्येकात पिवळी गोळी.
नर.
मग दुसऱ्या कुंडीत तुरा, तिसऱ्या कुंडीत,
नर, नर.
दुसरं काय येणार होतं?
चाळीस नव्हतीच ती. एकच होता,
चाळीस कुंड्यांत उभा.

न्यांदेंग तेव्हा अंथरुणाला खिळलेला.
म्हणाला, चाळीस मुलगे आणि सून एकही नाही!
हसता हसता खोकला लागला त्याला.
तो खोकला मग थांबलाच नाही.

पराग मी झटकते सिगारेटच्या चांदीच्या कागदात
(त्याचीच पाकिटं, अजून पुरतायत),
ओल धरू नये म्हणून चार तांदूळ,
आणि फ्रीजमध्ये, माशांच्या वर.
नवा तुरा आला की जुनी पुडी टाकायची.
सहा पुड्या टाकल्या.
टाकताना खिडकी उघडते. उगीच.

यंदा मार्चमध्ये सेरियनच्या रिनाईचा फोन,
शाळेत शिकवते ती.
तिच्या बापाने कधीतरी आणून लावलेलं रोप, ओठ पिवळा,
तुरा आलाय, आणि फुलांत गोळी नाही,
हिरवं बोंड आहे.
दोन बस बदलून गेले. मांडीवर बर्फाची पेटी.
शेजारचा विचारतो, मावशी, कुठला मासा?
मी म्हटलं, जावई.
नातवाचा रंगाचा ब्रश होता, त्याने लावला पराग,
हात थरथरत होता माझा,
निम्मा रिनाईच्या पायरीवर सांडला.

शेंगा फुगल्यात म्हणते ती.
फुगतात, कधीकधी पोकळही.

तेव्हा विकायचं नाही.
फांदी हवी असेल तर न्या, पैसे ठेवा खिशात.
पण एकटाच नेताय तुम्ही त्याला, हे लक्षात असू द्या.
आणि तिकडे कुठे पिवळ्या ओठाची दिसली,
तुरा आला,
तर फोटो नंतर पाठवा.
आधी एवढंच कळवा,
पहिलं फूल कोणत्या दिवशी उघडलं.